बातम्यांचाही रोजा

रमजानमध्ये सहेरीला उठवण्याचे काम एके काळी मोहल्ल्यातली माणसे करत. कोणी डफ वाजवत गल्लीतून फिरे, कोणी दारावर थाप मारी, कुठे मशिदीतून पुकारा होई. आता बहुतेक घरांत हे काम मोबाइलचा गजर करतो. गजर बंद करायला हात मोबाइलकडे जातो आणि तिथेच अडकतो. झोपेच्या चार तासांत जगात काय घडले हे पाहायला अंगठा आपोआप पडद्यावर सरकू लागतो. एक बातमी, तिच्याखाली दुसरी, मग एखादा व्हिडिओ, मग त्या व्हिडिओखाली लोकांनी एकमेकांना दिलेल्या शिव्या. स्वयंपाकघरातून हाक येते, "उठलात का? वेळ संपत आली." तोवर वीस मिनिटे गेलेली असतात. दुआ, कुरआनपठण किंवा नुसती शांतता, यांसाठी रमजानमध्ये ज्या वेळेचे मोल सर्वांत जास्त मानले जाते, नेमकी तीच वीस मिनिटे.

पुढे दिवसभर हाच माणूस पाण्याचा थेंब घेत नाही. दुपारी घसा कोरडा पडतो, समोर थंड पाण्याचा माठ असतो, तरी हात तिकडे वळत नाही. मात्र खिशातला मोबाइल थरथरला की हात लगेच तिकडे जातो. तहान आवरते, बातमी आवरत नाही. म्हणूनच रमजानपुरते सोशल मीडिया आणि ऑनलाइन बातम्या बाजूला ठेवणारे लोक आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. कोणाला इबादतीसाठी वेळ हवा असतो, कोणाला परीक्षेच्या अभ्यासासाठी, तर कोणाला ईदच्या आधी हातातले काम संपवायचे असते. कारण कोणतेही असो, रोजा कसा ठेवायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बातम्यांपासून सुट्टी कशी घ्यायची हेही ठाऊक असायला हरकत नाही. दोन्हींची रीत एकच आहे.

बातमीला वेळ होती

बातमी ऐकण्याची हौस नवी नाही. नवे आहे ते तिचे वेळेचे बंधन सुटणे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हा ते सुरुवातीला पाक्षिक होते. म्हणजे वाचकाला पुढच्या अंकासाठी पंधरा दिवस थांबावे लागे. पुढे रोज सकाळी दारात वर्तमानपत्र पडू लागले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागत. त्या संपल्या की रेडिओ बंद करून माणूस आंघोळीला जाई. संध्याकाळी दूरदर्शनच्या बातम्या होत. त्या ऐकत घरोघर स्वयंपाक चाले आणि त्या संपल्या की मुले अभ्यासाला बसत.

२००७ मध्ये मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या सुरू झाल्या. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला की बातमी दिवाणखान्यातून निघून थेट उशीखाली आली. त्याच्याही आधी, २००६ मध्ये, एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने एक सोय शोधली होती. पान संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबायची गरज उरली नाही. खाली सरकावे तसा नवा मजकूर आपोआप येत राहिला. पुढे याच सोयीबद्दल त्याने जाहीरपणे खंत व्यक्त केली.

छापील वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. ते आले की घडी घालून पेपर ठेवता येतो. मोबाइलवरच्या बातम्यांना शेवटचे पान नाही. मगरीबची अजान झाली की रोजा सुटतो, फजरची वेळ झाली की सहेरी थांबते. प्रत्येक गोष्टीला हद्द आहे. ऑनलाइन बातम्यांना सूर्योदय नाही आणि सूर्यास्तही नाही. त्यामुळे माणूस बातम्या वाचून उठतो तो पोट भरले म्हणून नव्हे, डोळे थकले म्हणून.

शिंप्याच्या दुकानातला हिशेब

रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात कोणत्याही गावातल्या शिंप्याच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते. एका बाजूला मापे लिहिलेल्या चिठ्ठ्या, दुसऱ्या बाजूला कापडांचे ढीग. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "चाचा, चाँदरातीपर्यंत मिळेल ना?" आणि उत्तरही ठरलेले, "इन्शाअल्लाह, मिळेल." हा शब्द पाळला गेला नाही तर एखाद्या लेकराला ईदच्या नमाजला जुन्या कपड्यांत जावे लागते. दुकानाचे नाव खराब होते ते वेगळेच.

अशा दुकानात मशीनच्या शेजारी मोबाइल उभा करून ठेवलेला असतो. बातम्या चालू असतात; कान तिकडे, हात कापडावर. समजा मास्टरने दिवसात चाळीस वेळा मोबाइलकडे पाहिले आणि दर वेळी तीन मिनिटे गेली, तर दोन तास झाले. एक साधा कुर्ता शिवायला दोन तास धरले, तर रोजचा एक कुर्ता गेला. महिनाभराचे झाले तीस कुर्ते. त्यात चुकीचे कापलेले कापड, उलटी लागलेली बाही आणि उसवून पुन्हा घातलेली शिवण धरलेलीच नाही.

हा हिशेब शिंप्यापुरता नाही. मोबाइल पाहण्यात गेलेली तीन मिनिटे ही फक्त वरवरची किंमत असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन केंद्रातील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क यांनी माणसाचे लक्ष पडद्यावर एका जागी किती वेळ टिकते, याची अनेक वर्षे मोजणी केली. २००४ मध्ये ती सरासरी सुमारे अडीच मिनिटे होती. पुढच्या काळातल्या मोजणीत ती ४७ सेकंदांवर आली. दर पाऊण मिनिटाला इकडून तिकडे उडी मारणाऱ्या मनाला कुर्त्याची कळी बसवणे, गणिताचे उदाहरण सोडवणे किंवा नमाजमध्ये उभे राहणे, सगळेच जड जाते. मोबाइल खाली ठेवला तरी बातमीतला राग डोक्यात राहतो आणि हातातले काम पुन्हा हाताला लागायला वेळ घेते.

जुनी माणसे यासाठी एक शब्द वापरत, बरकत. पैशात बरकत असते तशी वेळेतही असते. तेवढ्याच तासांत एकाचे काम होते, दुसऱ्याचे होत नाही. हा शब्द मराठी घरांतही तितकाच रुळलेला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या एका वचनाचा आशय असा की, दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात : एक आरोग्य आणि दुसरी फुरसत. फुरसत गेली हे माणसाला सहसा ती गेल्यावरच कळते.

डोळ्यांचा आणि कानांचा रोजा

रोजा म्हणजे केवळ उपाशी राहणे नव्हे, हे रमजानमध्ये प्रत्येक मशिदीत सांगितले जाते. अकराव्या शतकातले थोर विचारवंत इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी पोटाची. दुसरी पायरी डोळे, कान, जीभ, हात आणि पाय यांना आवरण्याची. तिसरी मनाची, ती फार थोड्यांना साधते. गझालींच्या काळात मोबाइल नव्हता, पण चव्हाटा होता, बाजार होता आणि लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या होत्या. कानावर पडणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी मन हे उघडे गोदाम नाही, हे त्यांना सांगायचे होते.

हदीसमध्येही याची स्पष्ट सूचना सापडते. ज्याने खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडले नाही, त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असा एका हदीसचा आशय आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये अल्लाहला नापसंत असलेल्या गोष्टींत 'कील व काल' यांचा समावेश आहे. 'कील व काल' म्हणजे 'असे म्हणतात', 'तो असे म्हणाला', 'लोक तसे बोलतात' यांचा अखंड चघळा. ज्या गोष्टीशी आपला संबंध नाही ती सोडून देणे ही चांगल्या श्रद्धावंताची खूण आहे, असेही एका वचनात सांगितले आहे. दूरच्या कोणा नटनटीच्या घटस्फोटाच्या बातमीने ज्याची दुपार खाल्ली, त्याला हे वचन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ही शिकवण एकाच धर्माची मक्तेदारी नाही. महाराष्ट्रात चातुर्मासात लोक एखादा आवडीचा पदार्थ सोडतात, एकादशी करतात. वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती घरांत ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ पाळला जातो. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मोबाइल, वर्तमानपत्र, पुस्तक आणि बोलणे, सगळेच बाहेर ठेवावे लागते. महात्मा गांधी दर सोमवारी मौन पाळत. सुरुवातीला माणसांच्या आणि कामाच्या रेट्यातून थोडी उसंत मिळावी, एवढाच त्यामागे हेतू होता. आध्यात्मिक अर्थ नंतर आला. त्या दिवशी साठलेली पत्रे आणि लेखन हातावेगळे होई. विशेष म्हणजे गांधीजी स्वतः संपादक होते. जगाची खबर त्यांना नको होती असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनी आठवड्यातला एक दिवस फक्त आपल्या ताब्यात ठेवला होता.

चार आठवडे बंद ठेवले तेव्हा

महिनाभर अशी सुट्टी घेतली तर नेमके काय होते, याची एक मोठी पाहणी अमेरिकेत झाली आहे. स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ च्या तेथील निवडणुकीआधी २,७४३ फेसबुक वापरणाऱ्यांना या अभ्यासात घेतले. चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला किती पैसे घ्याल, असे त्यांना विचारले. वाजवी मोबदल्यात तयार असलेल्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने पैसे घेऊन फेसबुक बंद ठेवले, दुसऱ्याने नेहमीसारखे चालू ठेवले. अभ्यास फेसबुकचा होता, केवळ बातम्यांचा नव्हे. पण अनेकांना बातमी मिळण्याचे तेच दार असल्याने निष्कर्ष इथे लागू पडतात. चार आठवड्यांचा काळही जवळपास रमजानच्या महिन्याएवढाच.

बंद ठेवणाऱ्यांना रोज सरासरी एक तास मोकळा मिळाला. घरच्यांशी आणि मित्रांशी त्यांचे प्रत्यक्ष भेटणे-बोलणे वाढले. त्यांना थोडे अधिक समाधानी वाटू लागले. राजकीय मतांची टोकेही काहीशी बोथट झाली. चार आठवडे संपल्यावर बंधन नव्हते, तरी त्यांनी मोबाइलवरचे फेसबुक दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी वापरले.

नाण्याची दुसरी बाजूही या अभ्यासाने लपवली नाही. ताज्या घडामोडींवर प्रश्न विचारले, तेव्हा बंद ठेवणाऱ्यांची उत्तरे जास्त चुकली. म्हणजे सुट्टी फुकट मिळत नाही. थोडी माहिती हातची जाते. आणखी एक गोष्ट यात लक्षात घेण्यासारखी आहे. मोकळ्या झालेल्या तासातला काही भाग लोकांनी एकट्याने टीव्ही पाहण्यात घालवला.

कामाची गोम इथेच आहे. बातम्या बंद केल्या की वेळ मोकळा होतो, काम आपोआप होत नाही. रिकामा तास ज्याच्या हाती पहिल्यांदा लागेल त्याचा होतो. रोजाचे शास्त्र हे जाणते, म्हणून त्यात नियत आधी येते. नियत म्हणजे मनाशी केलेला पक्का इरादा. दिवसभर उपाशी राहिलेला प्रत्येक माणूस रोजेदार नसतो. ज्याने नियत केली तो रोजेदार. तसेच बातम्या न पाहणारा प्रत्येक माणूस काम करणारा नसतो. हा तास कशासाठी सोडवला, हे आदल्या रात्रीच ठरलेले असावे लागते. कुरआनचा अर्धा पारा, गणिताची वीस उदाहरणे, दोन कुर्ते किंवा अंथरुणाला खिळलेल्या आईजवळ बसणे, काहीही चालेल. पण ते ठरलेले हवे.

बेखबर राहायचे का?

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आजूबाजूला जग पेटले असताना बातम्या बंद करून बसणे म्हणजे शहामृगाने वाळूत मान घालणे नव्हे का? मुस्लिम मोहल्ल्यांत या प्रश्नाला आणखी एक धार असते. कोकणातल्या कितीतरी घरांतला मुलगा, भाऊ किंवा जावई आखातात नोकरीला असतो. तिकडे तणाव वाढला की इकडे आईचा घास घशाखाली उतरत नाही. एखाद्या शहरात दंगलीची कुणकुण लागली की तिथे नातेवाईक असलेला माणूस रात्रभर मोबाइल सोडत नाही. अशा माणसाला बातम्यांपासून सुट्टी घ्या असे सांगणे, हे पोट भरलेल्याने उपाशी माणसाला उपदेश करण्यासारखे वाटू शकते.

पण रात्रभर पाहून हाती काय लागते, हाही प्रश्न विचारायला हवा. १५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी सांगितलेला तीव्र मानसिक ताण हा, स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असलेल्यांनी सांगितलेल्या ताणापेक्षाही जास्त आढळला. आखातातल्या मुलाच्या काळजीने रात्रभर तोच तो स्फोट चाळीस वेळा पाहणाऱ्या आईला चाळीस नव्या गोष्टी कळत नाहीत. तिला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे मुलाचा आवाज. इफ्तारनंतर ठरलेल्या वेळी आलेला त्याचा दोन मिनिटांचा फोन ही तिच्यासाठी खरी बातमी.

जगभरच लोक या माऱ्याला कंटाळले आहेत. रॉयटर्स इन्स्टिट्यूट दरवर्षी अनेक देशांत बातम्यांच्या सवयींची पाहणी करते. कधीकधी किंवा वरचेवर बातम्या टाळतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये २९ टक्के होते, ते २०२४ मध्ये ३९ टक्क्यांवर गेले. यात धोका आहे. कंटाळून कायमची पाठ फिरवणारा माणूस उद्या पाण्याच्या प्रश्नावर, मतदानावर, गावातल्या दवाखान्यावर बोलायलाही उरत नाही. म्हणून गरज आहे ती पाठ फिरवण्याची नव्हे, वेळ लावून घेण्याची. रोजामध्येही अन्नाशी वैर नसते. इफ्तार न करता सलग दिवस-रात्र उपाशी राहायला पैगंबर साहेबांनी आपल्या अनुयायांना मनाई केली होती. वेळ झाली की रोजा सोडायला उशीर करू नये, हीच शिकवण आहे.

खबर आणि खबरदार

'खबर' हा शब्द अरबीतून आला. त्याचे अनेकवचन 'अखबार', आणि त्यातूनच वर्तमानपत्राला ते नाव मिळाले. फारसी वळणाने 'खबरदार' तयार झाला. ज्याच्याकडे खबर आहे तो खबरदार, म्हणजे सावध माणूस. खबर हवी ती माणूस सावध आणि समजूतदार व्हावा म्हणून.

रमजानमध्ये अशी एक बातमी असते, जिची वाट सगळे शहर पाहते, ती म्हणजे चंद्रदर्शनाची. ती कशी स्वीकारली जाते हे पाहण्यासारखे आहे. 'अमक्या गावात चाँद दिसला' असा संदेश मोबाइलवर आला म्हणून ईद होत नाही. चाँद कमिटीचे लोक बसतात. पाहणाऱ्याची शहादत, म्हणजे साक्ष घेतली जाते. कुठून पाहिला, किती वाजता पाहिला, कोणत्या दिशेला होता, सोबत कोण होते, हे विचारले जाते. खात्री झाली तरच घोषणा होते. तोवर घराघरांत शेवया भाजून तयार असतात, मुले गच्चीवरून खाली यायला तयार नसतात. पण कोणी घाई करत नाही. हदीसच्या परंपरेतही हीच शिस्त आहे. ही गोष्ट कोणी कोणाकडून ऐकली आणि त्याने कोणाकडून, ही साखळी पाहिल्याशिवाय कोणतेही वचन मान्य होत नसे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, असा एका हदीसचा आशय आहे. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:६) सूचना आहे की, बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करावी. नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा पोचेल आणि मग पश्चात्ताप करावा लागेल.

शहानिशा न करण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून त्या परिसरात पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने पाचचा आकडा घातला. पहिल्या संदेशावरच थांबायचे की नाही, हे अजूनही प्रत्येकाच्या अंगठ्यावर आहे.

जो दिवसभर बातम्यांच्या माऱ्याखाली असतो, त्याला थांबून विचारायला उसंत नसते. जो दिवसातून दोनदाच बातम्या पाहतो, त्याच्यापर्यंत ती अफवा पोचेपर्यंत अनेकदा ती खोटी ठरलेली असते. मिश्र वस्तीच्या गावात याचे मोल फार आहे. ज्या शेजाऱ्याकडे ईदला शिरखुर्म्याची वाटी जाते आणि ज्याच्याकडून दिवाळीला फराळाचे ताट येते, त्याच्याबद्दलचे मत कोणा अनोळखी माणसाच्या व्हिडिओवरून ठरू नये, एवढे तरी त्यातून साधते.

रीत रोजाचीच

ज्याला हे करून पाहायचे असेल त्याने नवे काही शिकण्याची गरज नाही. रोजाचे नियमच कामी येतात.

पहिला नियम वेळेचा. सहेरीपासून इफ्तारपर्यंत ऑनलाइन बातम्या नाहीत, असे ठरवता येते. ज्याला तेवढे जमत नाही त्याने सकाळी पंधरा मिनिटे आणि तरावीहनंतर पंधरा मिनिटे अशा दोन वेळा ठेवाव्यात. सकाळी घरात वर्तमानपत्र येत असेल तर उत्तम. ते संपते, हाच त्याचा मोठा गुण. सहेरीसाठी साधे गजराचे घड्याळ आणले तर पहाटेची वीस मिनिटे आपोआप वाचतात.

दुसरा नियम इफ्तारचा. दिवसभराच्या उपवासानंतर कोणी थेट बिर्याणीच्या ताटावर तुटून पडत नाही. आधी खजूर, मग पाणी, मग नमाज. बातम्यांचेही तसेच असावे. ठळक मथळे, गावाची बातमी, हवामान, आणि एखादा लेख नीट शेवटपर्यंत वाचलेला. दिवसभर राखलेले एका रात्रीत फस्त केले तर रोजा कशाला ठेवला?

तिसरा नियम सवलतीचा. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सवलत आहे. तशीच पत्रकाराला, पोलिसाला, पूर किंवा वादळाच्या इशाऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या कोळ्याला आणि शेतकऱ्याला बातम्यांच्या रोजातून सवलत असलीच पाहिजे. ज्याच्या घरावर संकट आहे त्याने खबर घ्यावी. तो त्याचा हक्क आहे.

चौथा नियम विसरण्याचा. रोजा आहे हे विसरून कोणी घास खाल्ला तर रोजा तुटत नाही. आठवल्याबरोबर थांबायचे आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. सवयीने मोबाइल उघडला गेला तर आजचा दिवस वाया गेला म्हणून आणखी तासभर पाहत बसण्याचे कारण नाही. ठेवावा आणि कामाला लागावे.

पाचवा नियम सोबतीचा. एकट्याने रोजा ठेवणे अवघड असते. सगळे घर, सगळा मोहल्ला ठेवतो म्हणून लहान मुलेही हट्टाने पहिला रोजा ठेवतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ऑगस्ट २०२२ पासून करून दाखवले आहे. तिथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा सायरन वाजतो आणि घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद होतात. साडेआठला पुन्हा सायरन होतो. मधल्या दीड तासात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात, एकमेकांशी बोलतात. गावकऱ्यांनी ते ग्रामसभेत एकत्र बसून ठरवले. इफ्तारच्या सायरनची सवय असलेल्या गावांना ही कल्पना परकी वाटू नये.

रमजान संपला की शव्वालचा महिना लागतो. ईदच्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे. त्या दिवशी खायचे, भेटायचे, आनंद करायचा. त्यानंतर शव्वालमध्ये आणखी सहा रोजे ठेवण्याची सुन्नत आहे. महिनाभर लागलेली शिस्त एकदम सुटू नये, असाही त्याचा उपयोग होतो. बातम्यांच्या बाबतीतही ईदनंतर सगळे पूर्वीसारखे सुरू करण्याऐवजी आठवड्यातला एखादा दिवस, किंवा रोजची एखादी वेळ राखून ठेवता येईल. शिंप्याच्या दुकानात तोवर लग्नाच्या हंगामाचे कापड येऊन पडलेले असते, दहावीचा निकाल लागायचा असतो, बारावीच्या मुलांना पुढची तयारी करायची असते. काम पुष्कळ आहे. बातम्या उद्या सकाळीही येतील.